कवडसा

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? कोरोनाच्या त्या दिवसांपासून हे विचारताना घसा जरा दाटतो. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महासाथ म्हणून जाहीर केलं आणि त्यानंतरच्या वर्षात "कसे आहात"चं उत्तर "मजेत" असं येईलच याची खात्री राहिली नव्हती. कुणाच्या घरातलं माणूस गेलं, कुणाची नोकरी गेली, कुणी महिनोन्‌महिने आईवडिलांना फक्त व्हिडिओ कॉलवर बघत होतं. आज मी घरात बसून मिळणाऱ्या छोट्या छोट्या आनंदांबद्दल बोलणार आहे, पण हे सगळं मनात ठेवूनच बोलणार आहे. आणि तुमच्यापैकी ज्यांचं आज कशातच मन लागत नसेल त्यांनी नुसतं ऐकत राहिलं तरी चालेल, तेवढीच सोबत.

मला स्वतःला १४ दिवस एका खोलीत काढावे लागले. सप्टेंबर २०२० मधली गोष्ट. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, त्रास बेताचाच होता, ताप दोन दिवसांत उतरला, पण खोलीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. नवरा आणि आठ वर्षांची लेक दाराच्या त्या बाजूला आणि मी ह्या बाजूला. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं, टकटक करायचं, लांब जायचं आणि मग मी दार उघडायचं, असं चाललेलं. पहिले तीन दिवस मी मोबाईलमध्येच होते. आज किती पेशंट वाढले, किती गेले, मग ग्रुपवरचे फॉरवर्ड, मग परत आकडे, रात्री डोळे चुरचुरायचे आणि झोप काही यायची नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मोबाईल चार्जिंगला लावला आणि प्लग पलंगापासून लांब, उठायचं त्राण नाही, म्हणून नुसती पडून राहिले. समोर भिंत. आणि भिंतीवर, स्विचबोर्डच्या थोडा अलीकडे, एक कवडसा. खिडकीच्या पडद्याला कुठेतरी बारीकसं भोक पडलेलं होतं, त्यातून आलेला, कोटाच्या बटणाएवढा गोल. दुसरं बघायला काही नव्हतंच म्हणून त्याच्याकडे बघत राहिले, तर तो सरकत होता! सूर्य सरकतो, ऊन सरकतं हे शाळेपासून माहीत असतं हो आपल्याला, पण हा माझ्या डोळ्यांदेखत सरकत होता, बोर्डाच्या कडेला टेकला, कडेवर जरा वाकडा झाला, बोर्डावर चढला, पहिल्या बटणावर आला आणि बटण उजळलं. मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मोबाईल शंभर टक्के होऊन गेला होता.

नंतर मी त्याचा हिशोब केला. पृथ्वी २४ तासांत एक फेरी घेते, म्हणजे तासाला १५ अंश. भोकापासून भिंत दोन मीटरवर असेल तर कवडसा मिनिटाला साधारण आठ-नऊ मिलिमीटर सरकतो. म्हणून तो नजरेला पकडता येतो. अख्खी पृथ्वी फिरतेय आणि ते मला गादीवर पडल्या पडल्या दिसतंय, ह्याचं मला इतकं अप्रूप वाटलं ना, की मी दाराआडून लेकीला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, "मग चक्कर नाही का येत?"

आणि अजून एक गंमत. पडद्याचं भोक फाटकंच होतं, धागे निघालेलं, वाकडंतिकडं. कवडसा मात्र चांगला गोल. का, तर ते भोकाचं चित्र नसतंच, ते सूर्याचं चित्र असतं! बारीक भोकातून दोन मीटर लांब पडलेला सूर्य जवळजवळ दोन सेंटिमीटरचा दिसतो, आणि झाडाखाली सावलीत जे गोल गोल ठिपके हलत असतात तेही सगळे सूर्यच. एवढी वर्षं त्यांच्यावरून चालत गेले मी.

पाचव्या दिवशी सकाळी बरोबर साडेनऊला पेन्सिलने कवडशाभोवती गोल काढला. सहाव्या दिवशी साडेनऊला परत. तो आदल्या दिवशीच्या जागी नव्हता, एखाद सेंटिमीटर बाजूला गेलेला. २२ सप्टेंबरच्या आसपासचे दिवस होते, दिवस आणि रात्र सारखे होतात ना तेव्हाचे, आणि वर्षात अशाच दिवसांत सूर्याची जागा सगळ्यात भराभर बदलते, रोज साधारण ०.४ अंश. चौदाव्या दिवसापर्यंत दहा गोल झाले, एकात एक अडकलेले, साखळीसारखे. वर्षभर रोज एकाच वेळेला खूण केली तर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आकार तयार होतो म्हणतात, तेवढं काही मला करायचं नव्हतं, मला फक्त उद्याचा साडेनऊ हवा होता.

हे मला आज तुम्हाला सांगायचंय. घरात अडकलं की सगळे दिवस एकमेकांत मिसळून जातात, आज सोमवार की गुरुवार तेही आठवत नाही, आणि त्या घोळातच जीव जास्त घाबरा होतो असं माझं मत आहे. एखादी गोष्ट धरून ठेवली, रोज त्याच वेळेला तिच्याकडे पाच मिनिटं नीट बघितलं, की दिवसाला अडकवायला एक खुंटी मिळते. उद्याची वाट बघावीशी वाटते, उद्या तो कुठे असेल, एवढ्यासाठी का होईना. मोठं काही करायचं नाहीये. सुट्टी मिळालीय तर नवीन भाषा शिका, शरीर कमवा, असं जे सगळीकडून सांगितलं जायचं त्याने मला तर जास्तच थकल्यासारखं व्हायचं.

त्यातला न्यूटनचा फॉरवर्ड तर तुमच्याकडेही आला असेल. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद पडलं, बावीस वर्षांचा न्यूटन आपल्या गावी घरी गेला आणि बघा त्याने केवढं काम केलं, तुम्ही काय करताय? हे असं आजारी आणि घाबरलेल्या माणसाला पाठवू नये, मनापासून सांगते. पण न्यूटनचीच एक गोष्ट मला फार आवडते. त्याच सुमाराला, १६६६ मध्ये, त्याने खोली अंधारी केली, खिडकीच्या झडपेला भोक पाडलं, आत आलेल्या उन्हात काचेचा लोलक धरला आणि भिंतीवर रंग पाडले. पुढे १६७२ साली एका पत्रात त्याने हे सगळं लिहिलंय, आणि त्यात तो म्हणतो की आधी ते झगझगीत रंग नुसते बघत बसण्यातच मोठी मौज वाटली. मग लोलक आणि प्रकाशाचा नियम वगैरे. पहिल्यांदा मौज! तोही कवडसाच बघत होता की.

बरं, माझा वासही गेला होता. ज्यांचा गेलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय, जग पुसल्यासारखं होतं, आपलं अंथरूणसुद्धा परकं वाटतं. नाकाला परत सवय लावायचा एक साधा व्यायाम आहे, डॉक्टर सांगतात, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास घ्यायचे, दिवसातून दोनदा, प्रत्येक वास वीसेक सेकंद, शांतपणे आणि तो वास पूर्वी कसा यायचा ते आठवत. काही महिने करावं लागतं. मी रोज करायचे आणि रोज काहीच नाही. नवव्या दिवशी हात धुताना साबणाचा वास आला. म्हणजे वास तरी काय, नाकाच्या खूप आत कुणीतरी हळूच दार लोटल्यासारखं झालं. मी ओला साबण नाकाला लावून तशीच उभी, नळ चालू, आणि रडू आलं. त्या साबणाचा वास मला एरवी आवडतसुद्धा नाही. आज इतक्या काळानंतरही तो साबण हातात घेतला की मी क्षणभर थांबते.

आईशी रोज रात्री फोन असतो. ती एकटी राहते, ऐंशीला टेकलीय. आमचं बोलणं म्हणजे आधी औषधं घेतलीस का, बाहेर गेली नाहीस ना आणि मग बातम्यांची उजळणी, फोन ठेवला की दोघींना आणखी धास्ती. तेव्हा मी तिला म्हटलं, आई, आता असं करू, तू मला आज काय बघितलंस ते एक सांगायचं आणि मी तुला एक सांगणार, मगच बाकीचं. पहिल्या दिवशी म्हणाली, "अगं मी काय बघणार घरात बसून?" दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाली, मीटरच्या पेटीवर चिमणी काडी घेऊन आली होती. झालं, तिथून पुढे सगळी बातमीच सुरू झाली. काडी टिकत नाहीये, पडतेय. आज कापूस आणलाय कुठून तरी. आज ती उठतच नाही, अंडी असणार. चिमणी अंड्यांवर अकरा ते चौदा दिवस बसते, त्यातही नर आणि मादी पाळी लावतात, हे आईने बघून बघून मला सांगितलं, मी नंतर वाचलं तर बरोबर होतं. पिल्लं पंधराएक दिवसांत उडाली त्या रात्री तिचा आवाज असा होता की जसं काही घरातलंच कार्य पार पडलं. मी विचारलं, आई, औषध घेतलंस का? तर म्हणे, अगं विसरले, थांब.

बाहेरही केवढं काय काय झालं त्या वर्षात. गाड्या, कारखाने, माणसं थांबल्यावर जमिनीची थरथर कमी झाली, भूकंप मोजणाऱ्या यंत्रांवर माणसांमुळे होणारी कंपनं काही ठिकाणी निम्म्यापर्यंत खाली आली. सॅन फ्रान्सिस्कोत एका जातीच्या चिमण्या बंदच्या दिवसांत हळू आवाजात गायला लागल्या, रस्त्याचा गोंगाट नसल्यामुळे ओरडायची गरजच उरली नाही, आणि हळू गाऊनही त्यांचं गाणं पूर्वीच्या दुप्पट लांब पोचत होतं. हे मी वाचलं आणि खिडकी उघडून ऐकत बसले.

२०२० च्या डिसेंबरात गुरू आणि शनी. तो तर सगळ्या जगाने आपापल्या घरून बघितलेला सोहळा. संध्याकाळी पश्चिमेला दोन ठिपके, रोज थोडे जवळ. २१ डिसेंबरला इतके जवळ आले की दोघांत चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढंच अंतर उरलं, इतके जवळ आणि तेही नीट दिसतील असे ते त्याआधी १२२६ साली आले होते. खरं तर शनी गुरूच्या जवळजवळ दुप्पट लांब, आपल्याला शेजारी शेजारी दिसतात एवढंच. आम्ही तिघं महिनाभर खिडकीतून त्यांच्यातलं अंतर बोटाने मोजत होतो. आणि आई तिकडून फोनवर, "माझ्याकडे एकच दिसतोय गं आता!"

आता शेवटची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जवळची आहे. त्या खोलीतला बारावा दिवस. लेक दाराशी येऊन बसायची, बोलायची, पण मला ती दिसायची नाही. व्हिडिओ कॉलवर दिसायची, पण तो स्क्रीन मला नको झाला होता. आणि मला कवडशावरून आठवलं, अंधाऱ्या खोलीचा प्रयोग. हजारएक वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम नावाच्या विद्वानाने प्रकाशावर फार मोठं काम केलं, बारीक भोकातून अंधारात चित्र कसं पडतं ते त्याने तपासलं, आणि त्यालाही कैरोमध्ये कित्येक वर्षं घरातच कोंडून ठेवलं होतं असं सांगतात. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचा किरण भोकातून खाली उतरतो आणि खालचा वर चढतो, आणि बाहेरचं सगळं जग आत भिंतीवर उलटं उमटतं. रंगासकट. हलतं.

नवऱ्याने दाराशी काळा कार्डपेपर आणि चिकटपट्टी ठेवली. मी खिडकी पूर्ण झाकली, फटी बुजवल्या, मधे एक भोक पाडलं, बोट जाईल एवढं. आधी काहीच दिसेना. मग पाचेक मिनिटांनी डोळे सरावले आणि समोरच्या भिंतीवर हळूहळू खाली आभाळ दिसायला लागलं, निळसर, त्याच्या वर झाड, उलटं लटकलेलं, पानं हलतायत, आणि सगळ्यात वर, छताजवळ, अंगण. मी फोन करून म्हटलं, या बाहेर, उन्हात उभे रहा. आणि आले दोघं, पाय वर आणि डोकी खाली, लेकीच्या अंगात पिवळा फ्रॉक. एवढीशी, वीतभरसुद्धा नाही. मी म्हटलं, आता उडी मार. तिने उडी मारली आणि भिंतीवर तो पिवळा ठिपका छतापासून खाली माझ्याकडे आला आणि परत वर गेला. परत आला. मी भिंतीपाशी गेले आणि हात पुढे केला, तर ती माझ्या तळहातावर उड्या मारत होती.

करून बघा तुम्हीही, कुणी घरात आजारी नसलं तरी बघा. भर उन्हाची वेळ धरा, ज्या खिडकीसमोर ऊन पडलेलं असेल ती खिडकी घ्या. भोक लहान केलं तर चित्र रेखीव येतं पण अंधूक, मोठं केलं तर उजळ पण अस्पष्ट, तेव्हा दोन-तीन मापं करून बघा. भिंत रंगीत असेल तर पांढरी चादर टांगा, आणि चादर भोकाच्या जवळ आणली की चित्र छोटं पण जास्त उजळ होतं. भोकातून सूर्याकडे थेट डोळा मात्र अजिबात लावायचा नाही, मुलांना हे आधीच बजावून ठेवा. डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटं धीर धरा, दिसत नाही म्हणून उठू नका. आणि बाहेर कुणाला तरी उभं करा, शक्यतो पिवळं काहीतरी घालून.