तीन पायांच्या मांजराची शुश्रूषा

श्रोतेहो, नमस्कार.

मांजराचा एक पाय काढावा लागेल, असे सांगितल्यावर घरातली माणसे आम्हा पशुवैद्यकांना बहुधा एकच प्रश्न विचारतात: एवढे करून त्याला जगवायचे ते कशासाठी? हा प्रश्न मायेपोटीच आलेला असतो. मात्र तो विचारताना एक गोष्ट नजरेतून सुटते. हाडांचा चुरा झालेला, संवेदना गेलेला किंवा गाठीने ग्रासलेला तो पाय मांजराने वापरणे केव्हाच सोडून दिलेले असते. दवाखान्यात येते तेव्हाही ते तीनच पायांवर चालत असते आणि चौथा पाय वेदनेसह फरफटत नेत असते. शस्त्रक्रियेने त्याचा चालता पाय जात नाही, दुखणारा पाय जातो. त्यामुळे पुष्कळशी मांजरे शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच उभी राहून पावले टाकू लागतात आणि घरच्यांना त्याचे नवल वाटते.

ही वेळ येण्याची कारणे ठरावीक आहेत. वाहनाची धडक हे त्यांतले प्रमुख. धडकेत पुढचा पाय जोराने ओढला गेला, तर त्या पायाकडे जाणाऱ्या नसा मणक्यापाशीच तुटतात. मग पाय बाहेरून अखंड दिसतो, पण पंजा उलटा पडून जमिनीवर घासतो आणि त्याची जखम भरत नाही. दुसरे कारण उंच इमारतीच्या गॅलरीतून किंवा खिडकीतून पडणे. न्यूयॉर्कमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद आहे आणि उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मांजरे वाचली होती. मांजर पडूनही वाचते, असा याचा अर्थ जरूर घ्यावा. मांजराला काही होत नाही, असा मात्र घेऊ नये, कारण वाचलेल्यांमध्ये छातीच्या, जबड्याच्या आणि पायांच्या दुखापती भरपूर असतात. तिसरे कारण कर्करोगाच्या गाठी. इंजेक्शनच्या जागी क्वचित होणाऱ्या अशा गाठींकडे १९९१ मध्ये अमेरिकेत प्रथम लक्ष वेधले गेले आणि तेव्हापासून मांजराची लस दोन खांद्यांच्या मध्ये न टोचता पायाच्या खालच्या भागात टोचण्याचा सल्ला दिला जाऊ लागला, कारण गाठ झालीच तर पाय काढून जीव वाचवता येतो. अशी गाठ फार दुर्मीळ आहे, तेव्हा तिच्या भीतीने कोणी रेबीजची लस टाळू नये.

थोडा तरी पाय ठेवता आला नसता का, असेही लोक विचारतात. पुढचा पाय बहुतेक वेळा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात आणि मागचा पाय मांडीच्या मध्यापासून किंवा खुब्यापासून काढतात. अर्धवट पाय ठेवला, तर मांजर तो टेकवण्याचा प्रयत्न करत राहते, टोकाची कातडी सोलवटते, हाडाला इजा होते आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करण्याची पाळी येते. म्हणून टाक्यांची रेघ अपेक्षेपेक्षा मोठी दिसली, तरी घाबरून जाऊ नये.

घरी आणल्यावर पहिली रात्र कठीण जाते. भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांच्या अमलाखाली मांजराच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, ते झोकांड्या खाते, विनाकारण ओरडते, कधी ओळखीच्या माणसावरही फिस्कारते. त्याच्यासाठी एक लहान, कोरडी, शांत खोली ठेवावी आणि तीत उडी मारण्याजोगे कपाट, पलंग किंवा खिडकीचा कट्टा नसावा. असला तर वाट अडवावी. खोली नसेल तर मोठा पिंजरा चालतो. अंथरूण जमिनीवरच घालावे. आपल्याकडच्या गुळगुळीत फरश्या या मांजरांच्या मोठ्या शत्रू आहेत. तीन पायांचा तोल अजून न सापडलेले मांजर अशा फरशीवर घसरते, जखमेच्या बाजूवर आपटते आणि एकदा आपटले की चालायलाच धजत नाही. सतरंजी, ज्यूटचे पायपुसणे, जुनी योगासनाची चटई असे न सरकणारे काहीही त्याच्या वाटेवर, अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून शी-शूच्या ट्रेपर्यंत, सलग पसरून ठेवावे.

आता वेदनेविषयी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण शुश्रूषेत सर्वाधिक चुका इथेच होतात. दुखत असले की मांजर ओरडेल, अशी आपली समजूत असते. वस्तुतः दुखणारे मांजर बहुधा गप्प होते. ते अंग चोरून बसते, अंग चाटणे सोडते, हाक मारली तरी वळत नाही. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली आणि ती घरच्या माणसांनाही सहज वापरता येते. तीत पाच गोष्टी पाहायच्या असतात: कान एकमेकांपासून दूर जाऊन बाहेरच्या बाजूला वळले आहेत का, डोळे बारीक झाले आहेत का, तोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा ताठ व सरळ झाल्या आहेत का आणि डोके खांद्यांच्या पातळीखाली गेले आहे का. प्रत्येकाला शून्य ते दोन असे गुण द्यायचे आणि दहापैकी चार किंवा अधिक गुण झाले, तर वेदनाशामक पुरेसे पडत नाही असे समजून डॉक्टरांना फोन करायचा. मांजर झोपलेले, खात असलेले किंवा अंग चाटत असलेले असताना मात्र हे गुण देऊ नयेत.

पण वेदना दिसली म्हणून घरातली गोळी देऊ नये, हे मी शक्य तितक्या कठोरपणे सांगतो. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. माणसाच्या यकृतात हे औषध निकामी करण्याची जी प्रमुख यंत्रणा असते ती मांजराच्या यकृतात फारच दुबळी असते, त्यामुळे औषधाचे घातक अंश रक्तात साठतात, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि चेहरा व पंजे सुजतात. तापासाठी आपण सहज घेतो त्या पाचशे मिलिग्रॅमच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनाही हात लावू नये. कुत्र्यासाठी आणलेले औषध वजनाच्या हिशेबाने कमी करून देणे हाही तसाच धोकादायक उद्योग आहे. डॉक्टर मांजराला जी औषधे लिहून देतात, उदाहरणार्थ मेलॉक्सिकॅमचे थेंब, त्यांची मात्रा मांजराच्या वजनावर आणि मूत्रपिंडाच्या स्थितीवर ठरवलेली असते. मांजर बरे दिसते म्हणून औषध आपणहून बंद करू नये आणि दुखते म्हणून वाढवूही नये.

यकृताच्या याच दुबळेपणामुळे आणखी एक पथ्य येते, ते म्हणजे फिनाइल आणि डेटॉल यांचे. घरात आजारी प्राणी आहे म्हणून आपण फरशी दुप्पट उत्साहाने पुसतो, मांजर त्या फरशीवर चालते आणि मग पंजे चाटते. या द्रव्यांतील फिनॉलच्या जातीची रसायने मांजराला बाधतात. साध्या साबणाच्या पाण्याने पुसून नंतर स्वच्छ पाण्याने पुसणे पुरेसे आहे. जखमेवर डेटॉल, हळद, तेल, राख यांपैकी काहीही लावायचे नाही.

जखम कोरडी ठेवायची आणि रोज एकदा चांगल्या उजेडात पाहायची, एवढेच आपले काम. पहिल्या तीन-चार दिवसांत थोडी सूज, लाली, भोवती जांभळट डाग दिसणे स्वाभाविक आहे. टाक्यांखाली मऊ, पाणी भरल्यासारखी फुगवटी आली तर ती दाबून पाहू नये, डॉक्टरांना दाखवावी. पू, दुर्गंधी, टाक्यांची उघडलेली फट, वाढत जाणारी उष्ण सूज किंवा १०३ अंश फॅरनहाइटच्या वरचा ताप असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात आणि तोपर्यंत गळ्यातली प्लास्टिकची कॉलर काढू नये. मांजराची जीभ काटेरी असते. अर्ध्या तासाच्या चाटण्यात ती टाके उसवू शकते. ‘बिचारीला कॉलरचा त्रास होतो’ म्हणून रात्री ती काढून ठेवणारी प्रेमळ माणसे आम्हाला सकाळी सकाळी भेटतात. कॉलरमुळे खाता येत नसेल, तर आपण समोर बसून तेवढ्यापुरती काढावी आणि लगेच पुन्हा बांधावी, किंवा पसरट बशीत खाणे द्यावे.

खाण्याच्या बाबतीत चोवीस तासांचा हिशेब ठेवावा. कुत्रे एखादा दिवस उपाशी राहिले तर फारसे बिघडत नाही. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि त्यातून जिवावर बेतणारा आजार होतो. म्हणून घरी आल्यावर चोवीस तासांत मांजराने तोंड लावले नाही, तर कळवावे. मांजराची भूक वासावर चालते, त्यामुळे अन्न किंचित कोमट करून दिले की ते खाण्याची शक्यता वाढते. बिनमिठाचे उकडलेले चिकन किंवा काटे काढलेली उकडलेली मासळी उत्तम. घरचा रस्सा मात्र देऊ नये, कारण कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. दूधही नको, मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना ते पचत नाही, आणि मागचा पाय काढलेल्या मांजराला जुलाब झाले तर ती घाण थेट टाक्यांपर्यंत पोचते.

ट्रेच्या कडा बुटक्या असाव्यात आणि टाके निघेपर्यंत त्यात वाळूऐवजी फाडलेली वर्तमानपत्रे घालावीत, म्हणजे जखमेत कण जाणार नाहीत. काही वेदनाशामकांनी मलावरोध होतो, त्यामुळे दोन-तीन दिवस शी न होणे कळवण्याजोगे आहे. पण चोवीस तास लघवी झाली नाही तर, विशेषतः बोक्याच्या बाबतीत, तातडीने निघावे.

चालण्याविषयी बोलायचे, तर कोणता पाय गेला यावर पुष्कळ काही अवलंबून असते. उभ्या मांजराच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि झेप घेण्याची ताकद मागच्या पायांत असते. त्यामुळे मागचा पाय गेलेल्या मांजराला वर चढणे जड जाते, तर पुढचा पाय गेलेले मांजर वर चढते, पण उतरताना सगळा आघात एकाच पंजावर येऊन तोंडावर आपटते. आपण चढण्यासाठी स्टूल ठेवतो आणि उतरण्याचा विचार करत नाही. सोफ्यापाशी, खिडकीच्या कट्ट्यापाशी न सरकणारी रुंद पायरी दोन्ही कारणांसाठी हवी. टाके निघाल्यावर खाण्याचा एखादा तुकडा थोडा थोडा दूर ठेवत दिवसातून तीन-चार वेळा, दोन-दोन मिनिटे चालवावे. उरलेला एकटा पाय हळूहळू शरीराच्या मध्यरेषेकडे सरकतो, मान आणि पाठ तोल सावरायला शिकतात, आणि हे काम मांजरच करते. धडपडताना दिसले की प्रत्येक वेळी उचलून घेणारे घर त्याला हे शिकूच देत नाही. उचलायचेच झाले, तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली आणि जखमेची बाजू आपल्या अंगापासून बाहेर ठेवावी.

घरात दुसरे मांजर असेल, तर ते परत आलेल्या सोबत्यावर तुटून पडू शकते. तो वैरभाव नसतो. दवाखान्याच्या वासामुळे त्याला ओळख पटत नाही. काही दिवस दोघांना वेगळे ठेवून एकमेकांची अंथरुणे बदलत राहिले की वास पुन्हा मिसळतो. रस्त्यावरच्या मांजराची अशी शस्त्रक्रिया करवून घेणाऱ्यांनीही आधी एक गोष्ट ठरवावी: तीन पायांचे मांजर कुत्र्यांपासून आणि वाहनांपासून वेळेत पळू शकेलच असे नाही, तेव्हा त्याच्यासाठी घर शोधणे हा उपचाराचाच भाग आहे. ज्यांच्या गावात अशी शस्त्रक्रिया होत नाही, त्यांनी जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. मुंबईत परळला १८८६ पासून असे महाविद्यालय आहे. नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथेही आहेत.

काही महिन्यांनी केस उगवतात आणि मांजर आपले उद्योग पुन्हा सुरू करते. त्यानंतर दोन गोष्टींकडे लक्ष असू द्यावे. पहिली वजनाची. चार किलोच्या मांजराचे अर्धा किलो वजन वाढणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे साडेसात किलो वाढणे, आणि इथे तो भार तीनच पायांवर पडतो, ज्यातून पुढे संधिवात होतो. दुसरी गोष्ट त्याला न पोचणाऱ्या जागांची. मागचा पाय गेलेल्या मांजराला त्या बाजूचा कान खाजवता येत नाही. कान खाजला की मांडीचा उरलेला भाग हवेत हलताना दिसतो. तेव्हा तो कान आपण खाजवून द्यावा आणि आत मळ किंवा गोचीड नाही ना, तेही पाहावे. पुढचा पाय गेलेल्याची चेहऱ्याची ती बाजू ओल्या कापडाने पुसावी लागते. आणि जखम भरल्यावरही मांजर अचानक वळून त्या जागेला चावत असेल, तिथली कातडी थरथरत असेल, तर ती नसांची वेदना असू शकते. तिच्यावर औषध आहे.

दर सहा महिन्यांनी पाठ आणि उरलेले सांधे तपासून घ्यावेत. त्या दिवशी घरात चालतानाचे आणि उतरतानाचे मांजराचे एखाद्या मिनिटाचे चित्रण मोबाइलवर करून सोबत आणावे, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर चालून दाखवत नाही, ते दबून बसते, आणि आम्हाला पाहायचे असते ते नेमके त्याचे चालणे.

नमस्कार.