कौलांखालची खार

नमस्कार श्रोतेहो.

माळ्यावर खुडबुड ऐकू आली की आपण म्हणतो, उंदीर झाले, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून औषध आणून वाशांवर ठेवतो. आधी जरा कान द्या. उंदीर रात्री फिरतो. खार उजाडल्यावर बाहेर पडते आणि दिवेलागणीच्या आत घरट्यात परतते. सकाळी सात-आठच्या सुमारास किंवा संध्याकाळी उन्हं उतरताना छपरात धावपळ होत असेल, तर ती बहुतेक खारीची. मध्यरात्री कौलं खडखडली तर उंदीर समजा, नाहीतर उदमांजर. ज्यांच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, कोको आहे त्यांना आणखी एक खूण सापडेल. उंदीर कोकोचं फळ देठाजवळ कुरतडतो, खार सहसा मधोमध भोक पाडते.

हे ओळखणं महत्त्वाचं, कारण उंदराचं औषध खारीलाही मारतं. ती लगेच मरत नाही. बाजारातली बरीच औषधं रक्त गोठू देत नाहीत, त्यामुळे दोन-चार दिवस ती अर्धमेली फिरते. तशी खार मांजराने किंवा घुबडाने खाल्ली तर ते विष त्यांच्याही पोटात जातं. आणि जी छपरात मरते तिचा वास किती दिवस येतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. सेतू बांधायला मदत केली म्हणून आपण खारीला हात लावत नाही म्हणतो, आणि वाशावर मात्र गोळ्या ठेवतो!

बरं, खार घरात येते कशाला? खाणं आणि आडोसा, एवढंच तिला हवं असतं. आपली मंगळुरी कौलांची घरं तिला फारच सोयीची. आढ्याच्या टोकाला, दोन पाख्यांच्या सांध्यात, सरकलेल्या कौलाखाली बोटभर फट असली तरी तिला पुरते. आत ऊब आहे, पाऊस लागत नाही, मांजर पोचत नाही. फ्लॅटवाल्यांकडे एसीच्या बाहेरच्या युनिटची मागची बाजू आणि खिडकीवरचा सज्जा, या तिच्या आवडत्या जागा. असं एखादं घरटं काढून हातात घ्या. नारळाच्या सोडणाचा काथ्या, पोफळीचे धागे, गोणपाटाच्या दशा, पायपुसण्याची लाल लोकर, सुटलेली नायलॉनची दोरी, सगळं गोल विणल्यासारखं एकात एक गुंतवलेलं असतं. त्यातच दोन-तीन पिल्लं वाढतात.

तारा कुरतडते त्याला मात्र नाइलाज आहे. तिचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवावेच लागतात. लाकूड, सुपारी, वायरवरचं प्लास्टिक, तिला सगळं सारखंच. जुन्या घरात लाकडी पट्टीवर मारलेली उघडी वायरिंग असेल तर हा विषय गमतीचा राहत नाही. सोललेल्या तारेला सुकलेला काथ्या टेकला की आग लागू शकते. माळ्यावरच्या तारा इलेक्ट्रिशियनकडून पाइपात घालून घ्या, आणि गळती पकडून वीज तोडणारा स्विच नसेल तर तोही बसवून घ्या. खार नसली तरी तो हवाच.

आता बंदोबस्त. दिसली फट की बुजवली, असं करू नका. आत पिल्लं असतील तर आई बाहेर अडकते, पिल्लं आत मरतात, आणि ती आई रिपा, फळ्या जे मिळेल ते कुरतडत आत शिरायला बघते. म्हणून आधी त्या भोकात वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा सैलसर कोंबा. ये-जा असेल तर बोळा दुसऱ्या दिवशी बाहेर पडलेला दिसेल. दोन-तीन कोरड्या दिवसांत तो जागचा हलला नाही तरी कौल उचलून बॅटरीने एकदा आत बघा, आणि मगच भोक बंद करा. घरटं आणि पिल्लं सापडली तर थांबा. जन्मल्यापासून साधारण दोन-अडीच महिन्यांत ती स्वतः हिंडू-फिरू लागतात. तेवढा काळ घराचं छप्पर भाड्याने दिलंय असं समजा.

बुजवायला अर्ध्या इंचाच्या चौकोनांची धातूची जाळी घ्या. डासांची नायलॉनची जाळी तिच्यापुढे एक दुपार टिकत नाही, फवारायचा फोमही ती पोखरते. समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने साधी जाळी लवकर गंजते, तिथे स्टेनलेस स्टीलची परवडते. छप्पर सिमेंटने मात्र लिंपून टाकू नका. कौलारू घराला हवा खेळती लागते, नाहीतर पावसाळ्यात वासे कुजतात. पावसाआधी कौलं परतायला माणसं येतात तेव्हाच हे काम उरकून घ्यावं. माणसं आधीच वर असतात, आणि फुटकं कौल तेव्हा हातासरशी बदलता येतं.

पण छपराला टेकलेली फांदी तशीच ठेवलीत तर जाळीचे पैसे पाण्यात गेले म्हणा. आंब्याची फांदी असो की माडाचं चुडत, घरापासून सहा-सात फूट मोकळे ठेवा. नारळ पाडायला पाडेली येतो तेव्हाच त्याला छपराकडची चुडतं उतरवायला सांगा. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर स्वतः कोयता लावू नका, वीज खात्याला कळवा.

माडाच्या खोडाला पत्रा मारण्याचा उपाय तुम्ही ऐकला असेल. सुमारे 40 सेंटिमीटर रुंद गुळगुळीत पत्रा, जमिनीपासून दोनेक मीटरवर, खोडाला चहूबाजूंनी घट्ट बसवायचा. त्यावर नखं रुतत नाहीत. परसात एकटा उभा माड असेल तर याने फरक पडतो. कुळागरात मात्र पत्र्याचा खर्च करू नका. तिथे माड, पोफळी आणि फणस एकमेकांना भिडलेले असतात, खार खाली उतरतच नाही.

खाण्याकडे वळू. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, दिवसांत अंगणात खोबरं वाळत घालतो, तेव्हा त्यावर जाळीची चौकट ठेवा. चिकू, पेरू झाडावर पिकेपर्यंत थांबू नका, तयार होताच उतरवून घरात पिकवा. मोजकेच मानकुराद आंबे लागले असतील तर कागदी पिशव्या बांधून बघा. पडलेली फळं आणि काजूचे बोंडू रोज उचला. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, कुत्र्या-मांजराचं उरलेलं खाणं तसंच ठेवू नका. पक्ष्यांसाठी दाणे ठेवत असाल तर त्यात थोडी मिरचीपूड कालवा. तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, खारीला झोंबतो. पावसात पूड धुऊन जाते, तेव्हा ती परत घालायची. कुंडीत बी पेरलं की वर जाळीचा तुकडा दाबून ठेवा, नाहीतर सकाळी माती उकरलेली असते.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण आजच बघा. उन्हाळ्यात पाण्यासाठी खार आत उतरते, गुळगुळीत भिंतीवर तिला चढता येत नाही, आणि तेच पाणी आपण तोंडात घेतो. ओव्हरफ्लोच्या पाइपालाही जाळी लावा.

डांबरगोळ्या, कानाला ऐकू न येणारे आवाज काढणारी यंत्रं, यांच्यावर माझा विश्वास नाही. गोळ्यांचा वास आपल्याच डोक्यात जातो, आणि आवाजाला खार सरावते. चिकट फळा तर आणूच नका, त्यावर ती तासन्‌तास तडफडते. पिंजऱ्यात धरून दूर रानात सोडली तर? तिची मोकळी झालेली जागा दुसरी खार घेते, आणि धरलेली अनोळखी मुलखात उपाशी मरायची शक्यता जास्त.

गोव्याच्या सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांतल्या श्रोत्यांसाठी वेगळं सांगतो. तुमच्या बागेत नारळ पोखरणारा मोठा, तांबूस, झुपकेदार शेपटीचा प्राणी म्हणजे शेकरू. म्हादई, मोले, खोतीगावच्या अभयारण्यांत त्याचा वावर आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला फासे लावणं, बंदूक रोखणं गुन्हा ठरतो. नुकसान होत असेल तर वन खात्याच्या कार्यालयात तक्रार द्या.

खार चावलीच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. खारीपासून रेबीज होण्याची शक्यता फारच कमी, पण धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरच ठरवतील. आणि कौलांतून पिल्लू खाली पडलेलं सापडलं, तर त्याला गाईचं दूध पाजू नका. खोक्यात फडकं घालून त्याच जागेजवळ, सावलीत, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा आणि तिथून बाजूला व्हा. आई बहुतेक वेळा येऊन त्याला तोंडात धरून नेते. अंधार पडेपर्यंत आली नाही, तर वन खात्याला फोन करा.

नमस्कार.