भूकंप आधी कागदात शोधायचा, मग मातीत

(पडद्यावर: कलकत्ता, 1737. मृत: 3,00,000)

नमस्कार. हा आकडा कितीतरी वर्षं जगातल्या सर्वांत भीषण भूकंपांच्या याद्यांमध्ये मानानं बसला होता. अडचण एकच: तेव्हाच्या कलकत्त्यात तीन लाख माणसं राहतच नव्हती! भूवैज्ञानिक रॉजर बिल्हम यांनी 1994 मध्ये ही नोंद मुळापासून तपासली. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत दिसलं ते चक्रीवादळ. भूकंप आणि तो अवाढव्य आकडा युरोपात छापून आलेल्या वर्णनांतून याद्यांत शिरला, आणि पुढच्या प्रत्येकानं आधीच्यावरून उतरवून घेतला.

म्हणून जुना भूकंप शोधताना पहिलं काम फावड्याचं नसतं, उलटतपासणीचं असतं. लिहिणारा त्या दिवशी कुठे होता? किती वर्षांनी लिहिलं? डोळ्यांनी पाहिलेलं कुठलं आणि ऐकीव कुठलं? पाच ग्रंथांत एकच मजकूर असेल तर साक्षीदार पाच नाहीत, एकच आहे. तक्ता ग्रंथवार करू नका, गाववार करा. एका गावाची एक ओळ: काय पडलं, काय उभं राहिलं, किती वेळ हादरलं, विहिरींचं पाणी कसं झालं.

तारखा फार छळतात. कलकत्त्याचं ते वादळ तेव्हाच्या इंग्रजी कालगणनेत 30 सप्टेंबरचं, आजच्या कालगणनेत 11 ऑक्टोबरचं. असा फरक ध्यानात आला नाही की एकच घटना यादीत दोनदा चढते. हिजरी तारीख तर सूर्यास्ताला बदलते, त्यामुळे रात्रीच्या धक्क्याचा दिवस हमखास चुकतो.

मृतांच्या आकड्यावरून भूकंपाचा आकार ठरवू नका. 1833 मध्ये नेपाळात मोठा भूकंप झाला, पण मृत सुमारे 500. मुख्य धक्क्याआधी दोन जोरदार धक्के बसले होते आणि लोक घाबरून घराबाहेर थांबले होते. ‘शहर जमीनदोस्त झालं’ हे वाक्य अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. ‘मनोऱ्याचं टोक कोसळलं, भिंती उभ्या राहिल्या’ हे सोन्यासारखं, कारण त्यावरून तीव्रता ठरवता येते. आणि एखाद्या गावाची नोंदच नसेल तर? त्या वर्षी तिथे कुणी दुसरं काही तरी लिहीत होतं का, ते पाहा. लिहिणारा असून तो गप्प असेल, तरच त्या गप्प बसण्याला अर्थ आहे.

आता कागद कुठे फसवतो ते पाहू. 15 जानेवारी 1934 चा बिहार-नेपाळ भूकंप. उत्तर बिहारच्या गाळाच्या मैदानात जमीन द्रवासारखी झाली, वाळू-पाण्याचे फवारे उडाले, घरं तिरकी होऊन खचली. नुकसानीच्या नकाशावर सगळ्यांत गडद पट्टा तिथे उमटला. पण तो मऊ गाळाचा प्रताप होता. भूकंपाचा उगम उत्तरेला, पूर्व नेपाळात होता. भ्रंश, म्हणजे ज्या भेगेवर खडक सरकतात ती, जमिनीपर्यंत फाटल्याचा पुरावा मात्र दशकानुदशकं मिळाला नाही. 2013 मध्ये नेपाळात हिमालयाच्या पायथ्याशी, सिर खोला इथल्या अभ्यासात तो मिळाला, आणि त्याच ठिकाणी 1255 च्या भूकंपाचाही. 1255 म्हणजे ज्या भूकंपात राजा अभय मल्ल गेल्याचं नेपाळी वंशावळी सांगतात, तोच.

(पडद्यावर: चराचा उभा छेद)

मातीतला पुरावा शोधायला भ्रंशावर चर खणून थर वाचायचे. चराची जागा हा अर्धा निकाल. भ्रंशावर ओढा किंवा नदी नियमानं बारीक गाळ टाकत राहिली असेल, अशी जागा हवी. नुसते गोटे असतील तर थर ओळखू येत नाहीत. उघड्या उतारावर पुरावाच धुपून जातो. चर भ्रंशाला काटकोनात, साधारण 20 ते 30 मीटर लांब, 3-4 मीटर खोल. दीड मीटरपेक्षा खोल उभ्या भिंतींत टेकूशिवाय उतरायचं नाही. भिंतीला पायऱ्या पाडा. उपसलेली माती काठावर रचू नका, तिच्या वजनानंच भिंत ढासळते.

जेसीबीच्या बकेटनं भिंत लिंपली जाते आणि थर दिसेनासे होतात. थापीनं काही सेंटिमीटर तासून काढा. एक-एक मीटरवर खिळे, आडवी-उभी सुतळी, लेव्हल तपासलेली. फोटो पूर्ण सावलीत घ्या. अर्धं ऊन अर्धी सावली असेल तर फोटो वाया. आणि फोटो असले तरी हातानं रेखाटाच. रेघ ओढताना प्रश्न पडतात, बटण दाबताना पडत नाहीत.

वाचायचं काय? भेगेनं कापलेला सगळ्यांत वरचा थर, आणि तिच्यावर अखंड पसरलेला पहिला थर. भूकंप या दोघांच्या मधला. पण काही भेगा वरपर्यंत पोचण्याआधीच विरतात, आणि मुळं नि उंदरांची बिळंही थर तोडतात. एका भेगेवर भूकंप जाहीर करू नये. तुटलेल्या कड्याखाली साठलेला मातीचा पाचरीसारखा ढीग किंवा वाकलेले थर असा दुसरा पुरावा हवा, आणि तो समोरच्या भिंतीतही दिसायला हवा.

काळ ठरवायला दोन्ही थरांतला कोळसा घ्यायचा, चिमट्यानं. कोळसा आपल्या थरापेक्षा जुना असू शकतो: मोठ्या झाडाचा गाभा शेकडो वर्षांचा असतो, शिवाय जुना कोळसा वाहून येतो. म्हणून एका थरातून चार-पाच तुकडे. बिळातून किंवा मुळाबरोबर खाली गेलेले वगळले की उरलेल्यांतला सगळ्यांत तरुण तुकडा सत्याच्या जवळचा. 1650 नंतरच्या काळात तर रेडिओकार्बन (कोळशातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणं) एकाच नमुन्याला दोन-तीन वेगवेगळे कालखंड देतो.

मोह इथेच होतो. कालखंडात एखादा प्रसिद्ध भूकंप बसतोय, मग तोच तो! म्हणून मातीचा कालखंड आधी लिहून सही करून टाका, यादी नंतर उघडा.

हे किती नेटकं जमू शकतं? उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रेड सीडर झाडांची रानं जमीन खचून खाऱ्या पाण्यात मेली होती. रेडिओकार्बननं 1700 च्या आसपासची काही दशकं दाखवली. जपानमध्ये जानेवारी 1700 ची, तिथे भूकंप न जाणवता आलेली त्सुनामी नोंदलेली होती. केंजी साताके आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये लाटेचा प्रवास उलटा मोजून भूकंपाची तारीख सांगितली: 26 जानेवारी 1700. आता झाडांनी साक्ष द्यायची होती, आणि ती उलटही जाऊ शकली असती. 1997 मध्ये बाहेरची साल शाबूत असलेल्या मुळांची वाढीची वलयं मोजली गेली. बहुतेक मुळांचं शेवटचं वलय 1699 चं निघालं, म्हणजे 1700 चा वाढीचा हंगाम त्या झाडांनी पाहिलाच नाही.