घाटावरचं बंदर

नमस्कार मंडळी.

बेळगावात वेंगुर्ला रोड आहे. समुद्र शंभरावर किलोमीटर लांब, मध्ये सह्याद्री आडवा पडलेला, आणि रस्त्याला नाव मात्र बंदराचं. लहानपणी मला वाटायचं, हिंदलग्याच्या पुढं गेलं की लाटाच दिसणार. दिसली ती शिनोळी, आणि तिथं राज्याची हद्द.

माझे आजोबा रविवार पेठेत एका नारळाच्या वखारीत दिवाणजी होते. त्यांचा एक रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लाल फडक्यात बांधून आमच्या माळ्यावर आहे. मोडी मला बेताचीच लागते, पण मालाची नावं कळतात. एका पानावर नारळ, मीठ, काथ्या, सुकट. समोरच्या पानावर गूळ, मिरची, तांदूळ. म्हणजे घाटाखालून काय आलं आणि घाटावरून काय गेलं, त्याचा हिशेब. मला त्याहून गंमत वाटते ती शेवटच्या सह्यांची. एक मोडीत, एक कन्नडात, एक उर्दूत, एक गोव्याकडच्या कुणाची रोमी अक्षरात, आणि एका ठिकाणी नुसता अंगठा. पैसे मात्र सगळ्यांचे वेळेवर आलेले दिसतात.

तऱ्हेतऱ्हेच्या माणसांचा हा मेळा नुसता आजोबांच्या काळातला नव्हे, फार जुना आहे. किल्ल्यात कमल बस्ती आहे, नेमिनाथाचं जैन मंदिर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बिचिराज, त्यानं 1204 च्या सुमारास ते बांधलं. आत उभं राहून मान वर केली की छतातून दगडी कमळ खाली लोंबतं. पाकळ्या अशा कोरल्यात की हात आपोआप वर जातो. त्याच काळातला कन्नड शिलालेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात बेळगावचं नाव वेणुग्राम, आणि मंदिरासाठी आपल्या मालावर काय द्यायचं हे ठरवणाऱ्यांत इथल्या व्यापाऱ्यांबरोबर लाळ देशाचे, म्हणजे गुजरातकडचे, आणि मलेयाळ, म्हणजे केरळकडचे व्यापारीसुद्धा आहेत. आठशे वर्षांमागं मलबारचा माणूस इथल्या देवळाला आपला वाटा देतो! भाषेच्या वादावर मी आज बोलणार नाही, तो चहाच्या टपरीवर रोजच होतो. पण हा शिलालेख वाचून दोन्ही बाजूंनी थोडं गप्प बसायला हरकत नाही.

पुढं बहमनींचा वजीर महमूद गवान आला. हा मूळचा इराणातल्या गिलानचा व्यापारी, दाभोळ बंदरात उतरून बिदरला पोचलेला. त्याला बंदराची किंमत वेगळी सांगायला नको. 1472 मध्ये त्यानं गोवा घेतलं. अरबी घोडे त्या बंदरात उतरायचे, आणि दख्खनच्या प्रत्येक राजाला घोडा हवा असायचा. बेळगावच्या राजानं गोवा परत घेण्यासाठी हालचाल केली, तसा गवान वेढा घालायला इथं हजर. गोवा ज्याच्या ताब्यात, त्याला बेळगाव दुसऱ्याच्या हातात परवडत नव्हतं. घाटाखालचं दार आणि घाटावरची कडी, इतकं ते सरळ होतं.

आदिलशाहीत असदखान लारी इथला जहागीरदार. लारी म्हणजे इराणच्या लारचा. त्याच्या काळची सफा मशीद किल्ल्यात आहे. तिच्या काही खांबांवर कन्नड आणि नागरी अक्षरं कोरलेली आहेत. जुन्या देवळांचे ते खांब. ते कसे आले हे सांगताना कुणी आवाज चढवतो, कुणी विषय बदलतो. मी एवढंच म्हणेन, की दगड अजून वाचता येतो. असदखानाच्या दर्ग्यात आजही नवस बोलायला सगळ्या जातीधर्माचे लोक जातात.

1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडं गेला. मग कॅम्प, चर्च, पलटण हे सगळं ओघानं आलंच. खरी उलथापालथ रस्त्यानं आणि रेल्वेनं केली. आंबोली घाटातून गाड्या चालू झाल्या, तेव्हा घाटावरचा कापूस वेंगुर्ल्याला जहाजात चढायचा. पुढं 1888 च्या सुमारास मार्मागोव्याहून कॅसलरॉकमार्गे लोंढ्यापर्यंत आगगाडी आली, माल तिकडं वळला आणि वेंगुर्ल्याचा धंदा बसला. 1961 पर्यंत या रुळांवर परदेशाची हद्द होती. अलीकडं कॅसलरॉक, पलीकडं पोर्तुगीजांचं कुळे. आमची एक आत्या गोव्यात दिलेली. तिच्या ट्रंकेतले लाडू दोन्हीकडच्या कस्टमवाल्यांनी फोडून बघितले होते. सोनं नव्हतं, डिंक होता.

परवा सकाळी मासळी बाजारात गेलो होतो. एका पाटीपाशी उभा राहिलो, तर बाई माझ्याशी मालवणीत, ‘घेया ओ भाऊ, वेंगुर्ल्याचे आसत.’ शेजारच्या गिऱ्हाइकाला, ‘बर्री अक्का, ताजा अदाव.’ आणि पाठीमागच्या बर्फवाल्या पोराला, ‘बरफ डाल रे, क्या देखताय?’ हे सगळं एका दमात, हातातला कोयता न थांबवता. मी विचारलं, ‘खरंच वेंगुर्ल्याचे?’ ती हसली. ‘गाडी गोव्यातनं आली, बांगडा काय पत्ता सांगतोय होय?’

सहा बांगडे घेतले, पिशवी सायकलला अडकवली आणि वेंगुर्ला रोडनंच घरी आलो. नमस्कार.