एकतिसावं मूल

(दृश्य: वाडीची पायवाट, एका खोलीची शाळा. फळ्याचा कोपरा जवळून: पट ३०, हजर २७.)

फळ्याच्या कोपऱ्यातला हा ‘पट ३०’ पाहा. जिल्हा परिषदेच्या या शाळेला वर्षाच्या खर्चाला किती पैसे मिळणार, ते यावर ठरतं.

समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणासाठीची केंद्राची योजना २०१८ साली आली. त्याआधी शाळा अनुदान वेगळं, दुरुस्तीचं वेगळं, शिक्षकाला साहित्यासाठी ५०० रुपये वेगळे. आता सगळ्याचं मिळून एकच ‘संयुक्त शाळा अनुदान’, पटाच्या टप्प्यांप्रमाणे.

(पडद्यावर तक्ता: ३० पर्यंत १०,००० / ३१ ते १०० – २५,००० / १०१ ते २५० – ५०,००० / २५१ ते १,००० – ७५,००० / त्यापुढे १,००,०००)

३० मुलांना १०,०००, म्हणजे मुलामागे ३३३ रुपये. एकतिसावं मूल दाखल झालं की २५,०००, मुलामागे ८०६. एक घर ऊसतोडीला गेलं, दाखला दुसऱ्या शाळेत गेला, की पुढच्या वर्षी १५,००० कमी. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदणीत, नोंदलेला पट धरतात, फळ्यावरचा नाही.

मोठ्या शाळेला तर मुलामागे याहून कमी मिळतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. १,००० पटाला ७५,०००, मुलामागे ७५. पण छप्पर काही पट बघून गळत नाही.

(दृश्य: विजेचं मीटर, खिळ्याला अडकवलेली बिलं. मग मोडका नळ.)

वीजबिलात स्थिर आकार असतोच. पंखा फिरो न फिरो. अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे, म्हणजे इथे १,०००. उरले ९,०००, महिन्याला ७५०. त्यातून वीज, पाणी, इंटरनेट, खडू, रजिस्टरं, प्रयोगाचं साहित्य, मोडलेल्या वस्तू आणि इमारतीची किरकोळ दुरुस्ती.

(दृश्य: मोबाइलला रेंज मिळावी म्हणून ओट्यावर उभे मुख्याध्यापक.)

आता पैशांचा प्रवास. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. राज्याची वार्षिक योजना दिल्लीत मंजूर होते, रक्कम मुंबईच्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे येते. शाळेच्या खात्यात मात्र रोख जमा होत नाही. खातं शून्य शिलकीचं. सरकारी पैसे वाटपाच्या पीएफएमएस या ऑनलाइन प्रणालीवर फक्त खर्चाची मर्यादा दिसते. शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करायचा. दुकानदाराची प्रणालीवर नोंद करायची. त्याच्या बँकेचं विलीनीकरण होऊन शाखेचा आयएफएससी कोड बदलला असेल तर भरणा परत येतो, ही नेहमीची अडचण. एकानं नोंद भरायची, दुसऱ्यानं मंजूर करायची, मग अदाआदेश, म्हणजे बँकेला पैसे देण्याची सूचना, छापून, सह्या करून मुदतीत बँकेत द्यायचा. मुदत टळली की आदेश बाद, पुन्हा पहिल्यापासून. तालुक्याच्या शाळेत हे कुणी तरी शिकून घेतलेलं असतं. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी यासाठी गेले, की चारही वर्ग दुसऱ्याकडे.

मर्यादा वर्षाच्या शेवटी आली तर हे सगळं ३१ मार्चच्या आत उरकायचं. नाही जमलं तर रक्कम परत.

(दृश्य: गळक्या छपराखाली मांडलेल्या बादल्या, सरकवलेली बाकं. निवेदन नाही, पावसाचाच आवाज.)

मग लोकवर्गणी, नाही तर शिक्षकांचा खिसा.

(दृश्य: ग्रामसभेत समितीच्या अध्यक्षा बोलताहेत.)

टप्पे काढून टाकता येतील. शाळा म्हणून एक ठरावीक रक्कम आणि वर मुलामागे काही रुपये. समजा १५,००० अधिक मुलामागे १००. मग ८ पटाला १५,८००, ३० ला १८,००० आणि ३१ ला १८,१००. १०० पटाला आजच्याइतकेच २५,००० येतात. ३१ पासून साधारण सत्तरीच्या पटापर्यंत मात्र आजच्यापेक्षा बरेच कमी पडतात, २५० पटाला १०,००० कमी. तिथे मूळ रक्कम वाढवल्याशिवाय हे सूत्र कुणी मान्य करणार नाही, आणि करूही नये.