गुन्ह्याची नोंद: शोधावी कशी, वाचावी कशी

मित्रहो, एक अपेक्षा सुरुवातीलाच बाजूला ठेवू. ‘या माणसावर गुन्हे आहेत का?’ असं विचारलं की हो किंवा नाही सांगणारं, सर्वांसाठी खुलं असं एकच दप्तर भारतात नाही. देशभरातली पोलीस ठाणी जोडणारी सीसीटीएनएस यंत्रणा आहे, पण ती तपासासाठी. तुम्हाआम्हाला तिच्यात कुणाचंही नाव घालून पाहता येत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. आपल्याला जे पाहता येतं ते वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेलं असतं.

एफआयआरपासून सुरू करू. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला, की एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा. अडचण असेल तिथे ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढते. लैंगिक अत्याचार, पॉक्सो (मुलांवरचे लैंगिक गुन्हे), दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखा घालून हे एफआयआर शोधता येतात.

पण हातात आलेला कागद म्हणजे फिर्यादीने सांगितलेली हकिगत. तपास त्यानंतरचा. आपल्याकडे महाराष्ट्रात तपासाअंती न्यायालयात दोषारोपपत्र तरी जातं किंवा समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, तरी. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, तर ‘अ’ समरी. फिर्यादच खोटी निघाली, तर ‘ब’. गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून तक्रार झाली असेल, तर ‘क’. यातलं काहीही मूळ एफआयआरमध्ये दिसत नाही. म्हणून केवळ एफआयआर पाहून कुणाबद्दल मत बनवू नका, आणि त्याचा फोटो काढून गटागटांत तर मुळीच पाठवू नका.

पुढचं न्यायालयात कळतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा व तालुका न्यायालयांतले खटले पाहता येतात. सीएनआर हा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक हाती असेल तर थेट तोच खटला उघडतो. तो नसेल तर पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष घालून शोधा. नावाने शोधणं हा सर्वांत कच्चा मार्ग. एकाच जिल्ह्यात एकाच नावाची, एकाच आडनावाची कितीतरी माणसं असतात. इंग्रजी स्पेलिंग दर ठिकाणी बदलतं. त्यामुळे वेगळाच माणूस सापडतो, किंवा हवा तो निसटतो. वडिलांचं नाव, पत्ता, ठाणं जुळल्याशिवाय ‘हाच तो’ म्हणू नका. प्रलंबित आणि निकाली, दोन्ही प्रकारांत शोधा. ‘निकाली’ म्हणजे प्रकरण त्या न्यायालयात संपलं, इतकंच. शिक्षा झाली, निर्दोष सुटका झाली की तडजोड झाली, हे निकालपत्र उघडल्याशिवाय कळत नाही. शिक्षा दिसली तरी वरच्या न्यायालयात अपील आहे का, हे पाहायला हवं.

आता ज्या ठिकाणी नागरिकाचा हक्क सर्वांत पक्का आहे, तिथे येतो. उमेदवार. मतदाराला उमेदवाराची पार्श्वभूमी कळलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं आणि २००३ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलं. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला नमुना २६ मधल्या शपथपत्रात प्रलंबित खटले आणि झालेल्या शिक्षा लिहाव्या लागतात. हे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. माहिती लपवली किंवा खोटी दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर उमेदवाराने आणि पक्षाने ही माहिती वृत्तपत्रांतून व वाहिन्यांवरून जाहीर करायची असते. २०२० पासून तर खटले असलेल्यालाच तिकीट का दिलं, याची कारणंही पक्षाने द्यायची आहेत, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालत नाही. ही कारणं आवर्जून वाचा. पक्ष आपल्याला किती गृहीत धरतो ते तिथे दिसतं.

शपथपत्र वाचताना ‘याच्यावर बारा गुन्हे’ असा नुसता आकडा मोजू नका. जमावबंदी मोडून पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्यावरही गुन्हा असतो आणि खंडणी मागणाऱ्यावरही. कलमं पाहा. न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का, त्या रकान्यात पाहा. मग तोच खटला ई-कोर्ट्सवर उघडून रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद, वाचा. पुढच्या तारखा कोण मागतं आहे, तेही त्यात सापडतं.

भाडेकरू किंवा कामाला ठेवायची व्यक्ती असेल तर गुपचूप शोधाशोध करण्यापेक्षा तिलाच पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणायला सांगा. अल्पवयात हातून काही घडलं असेल, तर ते खणून काढण्याचा प्रयत्न करू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि प्रकरण निकाली निघालं असेल तर पोलिसांनी ती नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठीही उघड करायची नाही.

आणि ज्यांचं स्वतःचं नाव जुन्या खटल्यात दिसतं पण जे निर्दोष सुटले आहेत, त्यांनी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्राची प्रमाणित प्रत काढून ठेवावी. खटल्यांची जुनी दप्तरं ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात. हा अर्ज पुढच्या नोकरीच्या वेळी करू म्हणून ठेवू नका.