लांबचं हवंय की अंधारातलं? खिशातल्या दोन कॅमेऱ्यांबद्दल

नमस्कार मंडळी, आज कॅमेऱ्यांबद्दल बोलायचंय. आता रेडिओवर फोटो दाखवता येत नाहीत हे मलाही माहितीये, त्यामुळे जे काय दाखवायचं ते बोलून आणि थोडे आकडे सांगूनच दाखवावं लागणार, तेवढं सांभाळून घ्या.

झालंय असं की माझ्या मामेभावाला एक छोटा कॅमेरा घ्यायचाय, आणि बरेच दिवस रिव्ह्यू बघून बघून त्याने दोन नावं काढलीयेत, एक सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ आणि दुसरा रिकोचा जीआर ३. दोन्ही २०१९ साली आलेले, दोन्ही खिशात मावणारे, आणि दोघांचेही भक्त असे आहेत की दुसऱ्याचं नाव काढलं की भांडायलाच उठतात. परवा फोन करून म्हणाला, "ताई, यातला चांगला कुठला तेवढं सांग, बाकी काही नको." मी म्हटलं बाबा रे, हे दोन एका जातीचे कॅमेरेच नाहीत, तू चांगला-वाईट कसला विचारतोयस. मग अर्धा तास बोलत बसलो आणि वाटलं की हाच घोळ बऱ्याच जणांचा होत असणार, म्हणून आज इथे सांगते.

आधी एक शंका निकालात काढू, की फोन असताना वेगळा कॅमेरा हवाच कशाला? रास्त शंका आहे. २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कंपन्यांनी बाजारात पाठवले होते आणि त्यातले बहुतेक सगळे असे छोटे कॉम्पॅक्टच होते, तो सगळा बाजार फोनने खाल्ला आणि ते बरंच झालं म्हणा, कारण त्यातले निम्मे कॅमेरे भंगारच होते. जे कॉम्पॅक्ट टिकले ते एवढ्यासाठीच टिकले की त्यांना असं काहीतरी येतं जे फोनला नीट जमत नाही. म्हणजे प्रश्न असा हवा की तुमच्या फोनला नेमकं काय जमत नाहीये? याचं उत्तर माहीत नसेल तर कॅमेरा घेऊच नका, खरंच सांगते, पैसे वाचतील.

आता हे दोघे. सोनीमध्ये झूम आहे, २४ ते २०० मिलिमीटर. हा आकडा जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशोबाने सांगायची पद्धत आहे, तुम्ही एवढंच धरा की २४ ला अख्खी खोली फोटोत येते आणि २०० ला हॉलच्या मधल्या रांगेत बसून स्टेजवरच्या माणसाचा चेहरा मिळतो. रिकोमध्ये झूम नाहीच. अजिबात नाही. २८ मिमीची एकच लेन्स, जवळ हवं तर पाय उचलून जवळ जा.

हे ऐकलं की लोक म्हणतात मग रिको कशाला घ्यायचा, आणि इथेच सेन्सरचा मुद्दा येतो. सेन्सर म्हणजे ज्याच्यावर प्रकाश पडून फोटो तयार होतो ती आतली चकती. सोनीचा सेन्सर '१ इंची' म्हणतात, पण पट्टी घेऊन मोजायला जाऊ नका, प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर आहे, इंचाचं ते नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून चिकटलंय. रिकोचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे साधारण २३.५ बाय १५.६, पोस्टाच्या लहान तिकिटाएवढा. गुणाकार केलात तर रिकोचा सेन्सर सोनीच्या तिप्पट भरतो. आणि गंमत म्हणजे इतका मोठा सेन्सर असून रिको वजनाला हलका आहे, बॅटरी-कार्ड धरून २५७ ग्रॅम, सोनी ३०२. जाडीला रिको ३३ मिमी आणि सोनी जवळजवळ ४३. हा एक सेंटिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण पँटच्या खिशात घालून बसून बघा मग कळेल. रिकोला हे जमतं कारण झूमची यंत्रणा नाही, फ्लॅश नाही, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही. सगळं काढून टाकलं आणि ती जागा सेन्सरला दिली, आणि सेन्सर जितका मोठा तितका तो जास्त प्रकाश पकडतो.

म्हणजे एकाने लांब बघायची सोय केली, दुसऱ्याने अंधारात बघायची.

यापैकी तुम्हाला काय हवंय हे कसं ठरवायचं? मी भावाला सांगितलं तेच सांगते. फोनमधले गेल्या वर्षभरातले फोटो काढा आणि चांगले फोटो बघू नका, वाया गेलेले बघा. ज्यांच्याकडे बघून तुम्हाला चुटपुट लागते ते. आता ते का बिघडले? माणूस मुंगीएवढा आलाय आणि मोठा करायला गेलं की सगळा चिखल होतोय, असं असेल तर तुमची अडचण अंतराची आहे. पोरगं जवळच होतं पण धावत होतं आणि खोलीत उजेड कमी, त्यामुळे हलल्यासारखं आलंय किंवा फोनने चेहरा मेणासारखा गुळगुळीत करून टाकलाय, असं असेल तर अडचण प्रकाशाची आहे. पहिल्या गटाला सोनी, दुसऱ्याला रिको. रिव्ह्यूवाले वीस गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात पण त्या बेरजेत तुम्ही कुठेच नसता.

बरं, अंतराचं गणित किती निर्दय आहे ते सांगते, कारण रिकोवाले हमखास म्हणतात की २४ मेगापिक्सल आहेत, नंतर कापून घ्या की. घ्या कापून. २८ मिमीवरून २०० मिमीएवढं जवळ दिसायचं तर सात पट, आणि सात पट लांबीत आणि सात पट रुंदीत म्हणजे फोटोचा जवळजवळ पन्नासावा भाग उरतो. २४ मेगापिक्सलचा पन्नासावा भाग म्हणजे अर्धा मेगापिक्सलसुद्धा नाही! रिकोमध्ये ३५ आणि ५० मिमीसारखं कापून देणारं बटण आहे, त्यात ३५ ला साधारण १५ मेगापिक्सल मिळतात, ते ठीक आहे, ५० ला ७ मिळतात, तेही चालवून घेऊ. त्याच्यापुढे कापाकापी विसरा.

आता दुसरी बाजू, कारण सोनीवाले पण कमी नाहीत. समजा घरातल्या दिव्यांच्या उजेडात हलणारं पोर टिपायचंय आणि त्यासाठी शटर स्पीड १/२५० ठेवलाय, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागात फोटो. अपर्चर म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक, एफचा आकडा वाढला की ते बारीक होतं आणि प्रकाश कमी येतो. एफ २.८ अपर्चरला समजा आयएसओ ३२०० लागला. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याने प्रकाश किती ताणायचा ते, जास्त ताणला की फोटोत दाणे येतात. आता सोनीची लेन्स एफ २.८ फक्त सगळ्यात रुंद टोकाला, म्हणजे २४ मिमीला देते, झूम करत गेलात की ती बारीक होत होत एफ ४.५ वर येते, आणि तिथे तोच फोटो काढायला आयएसओ ८००० च्या आसपास लागेल, तोही तीनपट लहान सेन्सरवर. दाणे दिसणारच. रुंद टोकाला दोघांचं अपर्चर सारखं असलं तरी सेन्सर मोठा म्हणून रिकोला एकूण प्रकाश तिप्पट मिळतो, म्हणजे ढोबळमानाने रिकोचा ३२०० चा फोटो सोनीच्या हजार-अकराशेच्या फोटोसारखा स्वच्छ दिसतो.

आणि हो, दोन्हींमध्ये स्टॅबिलायझेशन आहे, पण त्याने तुमचा हात स्थिर होतो, समोरचं पोर नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही.

मग स्टेजवरच्या कार्यक्रमाचं काय, तिथे तर अंतरही आहे आणि अंधारही? तिथे सोनी. दाणेदार का होईना चेहरा तरी मिळतो, रिकोवर स्वच्छ सुंदर ठिपका मिळेल. सोनीचा फोकसही फार तेज आहे, डोळा पकडून ठेवतो, सेकंदाला २० फोटो काढतो. रिकोचा फोकस कमी उजेडात चाचपडतो, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवं. मोठा सेन्सर अंधारासाठी घ्यायचा आणि फोकस अंधारात अडखळणार, जरा विचित्रच आहे ते.

पण त्याच्यावर रिकोकडे एक जबरदस्त युक्ती आहे, स्नॅप फोकस. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा अडीच मीटर, आणि शटर एकदम पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसतच नाही, थेट फोटो काढतो. अपर्चर एफ ५.६ ठेवलं तर साधारण सव्वा-दीड मीटरपासून १५ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं, म्हणजे रस्त्यावरचं जवळपास सगळं आलंच. खिशातून काढा, एका सेकंदाच्या आत सुरू होतो, दाबा, परत खिशात. फिल्मच्या काळात १९९६ साली पहिला जीआर आला तेव्हापासून रस्त्यावर फोटो काढणारे या कॅमेऱ्याला धरून आहेत ते उगाच नाही. सगळी बटणं उजव्या अंगठ्याखाली येतात, दुसऱ्या हातात पिशवी असली तरी चालतं. सोनी मात्र हातातून निसटतो, गुळगुळीत साबण आहे नुसता, बाहेरून चिकटवायची ग्रिप मिळते ती लावाच.

व्हिडिओ करणार असाल तर फार बोलायलाच नको, सोनी घ्या. फोरके आहे, माइक लावायची जागा आहे, स्क्रीन वर उलटी फिरून तुमच्याकडे बघते. रिकोमध्ये व्हिडिओ आहे म्हणायचा इतकंच, स्क्रीनही हलत नाही. भर उन्हात तर रिकोची स्क्रीन दिसताना मारामार होते आणि व्ह्यूफाइंडर नाही, अंदाजाने फोटो काढावा लागतो. काहींना त्यात मजा येते, मला येते, भावाला येणार नाही हे मी लिहून देते.

बॅटरी दोन्हींची रडकी. कंपन्यांच्या ठरलेल्या चाचणीप्रमाणे सोनीवर २६० फोटो, रिकोवर २००. कुठलाही घ्या, जास्तीची बॅटरी त्याच दिवशी घ्या. केबलचंही बघा, रिकोला आजच्या फोनची यूएसबी-सी चालते, सोनीला जुनी मायक्रो यूएसबी लागते, म्हणजे सोबत आणखी एक वायर.

एका लेन्सवर आपलं भागेल का अशी शंका असेल तर त्याची परीक्षा फुकट करता येते. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २८ मिमीच्या आसपासच असतो, म्हणजे रिकोला जसं दिसतं जवळपास तसंच. एक आठवडा फोनवर झूम करायचाच नाही, दोन बोटं स्क्रीनला लावायचीच नाहीत. आठवड्यात चिडचिड झाली तर उत्तर मिळालं. आणि चिडचिड झाली पण थोडीच, म्हणजे नुसतं जरासं जवळ हवं होतं असं वाटलं, तर जीआर ३एक्स बघा, २०२१ साली आलेला, तोच कॅमेरा पण ४० मिमीची लेन्स. माणसांच्या फोटोंना तो जास्त बरा वाटतो, चेहरे ताणल्यासारखे येत नाहीत. मला विचाराल तर या सगळ्यात मी तोच घेईन. भावाला मात्र सोनीच घे म्हटलंय, कारण त्याचे वाया गेलेले फोटो मी बघितले, सगळे स्टेजवरचे आणि मैदानावरचे, लेक कुठे आहे ते बोट दाखवून सांगावं लागतं.

२०२५ साली रिकोने जीआर ४ काढलाय, त्यात ५३ जीबी मेमरी आतच आहे, जीआर ३ मध्ये फक्त २ होती, कार्ड घरी विसरणाऱ्यांसाठी हे वरदानच. पण नवीन आला म्हणून जुन्याचे फोटो बिघडत नाहीत, त्यामुळे बरेच लोक वापरलेला जुना घेतात, आणि तसा घेणार असाल तर दोन गोष्टी हातात घेऊन तपासा. सोनी असेल तर झूम पूर्ण बाहेर, पूर्ण आत, असं पाच-सहा वेळा करा, कान देऊन ऐका, कुठे अडकतोय किंवा करकरतोय असं वाटलं तर सोडून द्या, ती लेन्स दुरुस्त करणं परवडत नाही. रिको असेल तर अपर्चर एफ १६ वर न्या आणि निरभ्र आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे तीन-चार फोटो काढून मोठे करून बघा. काळपट ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसले तर धूळ आत सेन्सरवर बसलीये, मेनूत धूळ झटकायची सोय आहे ती एकदा चालवून परत फोटो काढा, तरी ठिपके जागचे हलले नाहीत तर कॅमेरा उघडूनच साफ करावा लागेल, कारण ही लेन्स काढता येत नाही. विकणारा म्हणेल की लेन्स पुसली की जातात, नाही जात, तुम्ही दुसरा बघा.

चला, वेळ संपली, येते मी. नमस्कार.